गळती सगळ्यांना माहीत आहे, मग विनोद कशात शोधायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तालुक्याच्या एका गावाच्या डोक्यावर मातीचं धरण आहे. त्याला गळती लागली आहे. खात्यातला एक तरुण शाखा अभियंता ते सगळ्यांना सांगत सुटलाय आणि कोणीही मनावर घेत नाही. पटकथेचा दुसरा ड्राफ्ट झालाय. मित्रमंडळींत वाचन केलंत तर पहिली वीस मिनिटं लोक हसले, मग हसू आटत गेलं, आणि शेवटची पंचवीस पानं ‘प्रबोधन वाटतं’ असं दोघांनी सांगितलं. तिसऱ्याने ‘हा तर आपला डोन्ट लुक अप’ (पृथ्वीवर येणाऱ्या धूमकेतूकडे दुर्लक्ष करणाऱ्यांवरचा हॉलिवूडचा सिनेमा) म्हणून विषयच मिटवला. तुम्ही विचारताय, विनोद वाढवू का, आणि शेवटी धरण फोडू की नको.

विनोद वाढवून भागणार नाही असं मला वाटतं. तुम्ही जी वनलाइन, म्हणजे कथेचा थोडक्यात आराखडा, टाकली आहे तिच्यात सरपंच पैसे खाणारा, आमदार उद्घाटनांचा हौशी, चॅनेलवाली टीआरपीच्या मागे धावणारी आणि अभियंता प्रामाणिक. ही मंडळी पहिल्या सीनमध्ये जशी आहेत तशीच शेवटपर्यंत राहतात. मूर्ख माणसाला हसून होतं ते पंधरा-वीस मिनिटांत. तेवढ्यात प्रेक्षकाला लेखक कोणाच्या बाजूचा आहे ते कळतं, तोही उठून त्याच बाजूला जाऊन बसतो, आणि मग पडद्यावर काय चाललंय याच्याशी त्याचा संबंध उरत नाही. त्याला फक्त ‘बघा, मी म्हणत होतो ना’ एवढंच ऐकायचं असतं. तुमची अडचण दिसते उत्तरार्धात, पण ती पहिल्या पानावरच आहे.

पुढे जाण्याआधी एक कबूल करते. काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील आणि त्या मला इथून दिसत नाहीत. दोन तासांचा सिनेमा आहे की सहा भागांची सिरीज, निर्माता आहे की तुम्हीच पैसे उभे करताय, कोणत्या भागात शूट करणार, आणि तिथल्या लोकांनी असं काही भोगलंय का. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, त्याकडे पुढे येते. मी बरीच वर्षं दुसऱ्यांच्या पटकथा दुरुस्त करण्याचं काम करते, अधूनमधून स्वतःच्याही लिहिते. त्यामुळे जे सांगतेय ते समीक्षकाच्या खुर्चीतून नाही, लिहिण्याच्या टेबलावरून.

या जातीच्या सिनेमात एक गोष्ट आधी मान्य करावी लागते. दुर्लक्ष करणं हे आळशी माणसाचं काम नाही. त्याला रोज मेहनत लागते. बैठका घ्याव्या लागतात, पत्रं पुढे पाठवावी लागतात, कोणाचा तरी मान राखावा लागतो, कोणाचं तरी पोट सांभाळावं लागतं. ही मेहनत करणारी माणसं मन लावून काम करत असतात, आणि प्रत्येकाकडे आपलं कारण असतं. ते कारण जितकं पटण्यासारखं, तितका विनोद जास्त वेळ टिकतो.

दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकचा ‘डॉक्टर स्ट्रेंजलव्ह’ (1964) बघितला नसेल तर आज रात्री बघा, बघितला असेल तर पुन्हा बघा. पीटर जॉर्जच्या ज्या कादंबरीवर तो आहे ती पूर्ण गंभीर आहे. कुब्रिकही गंभीर थ्रिलरच करायला निघाला होता. लिहिताना विचित्र वाटतात म्हणून जे प्रसंग तो गाळत होता, तेच सगळ्यात खरे आहेत असं त्याच्या लक्षात आलं आणि त्याने दिशा बदलली. त्याच वर्षी तसाच विषय घेऊन सिडनी ल्युमेटचा ‘फेल सेफ’ आला. तोही चांगला सिनेमा आहे, गंभीर आहे, पण आज लोकांच्या तोंडी कुठला आहे ते तुम्हाला माहीत आहे.

त्यातला एक प्रसंग मी शिकवताना नेहमी लावते. एक माथेफिरू अमेरिकन जनरल रशियावर अणुबाँबवाली विमानं सोडतो. बाकीची परत बोलावली जातात किंवा पाडली जातात, एक उरतं, त्याचा रेडिओ बिघडलेला. वॉर रूममध्ये राष्ट्राध्यक्ष जनरल टर्जिडसनला विचारतात, हे एकटं विमान रशियाच्या बचावफळीतून खरंच निसटू शकतं का? आणि टर्जिडसन झालेल्या जॉर्ज सी. स्कॉटच्या चेहऱ्यावर अभिमान फुलतो. आपला पायलट काय चीज आहे, रडारच्या खालून कसं विमान घालतो, हे तो दोन्ही हात पंखांसारखे पसरून सांगायला लागतो. डोळे चमकताहेत, आवाज चढलाय. म्हणजे काय, निसटणारच! आणि वाक्य संपता संपता त्याला उमगतं की निसटलं तर जग संपलं. हात तोंडाशी जातो. इथे टर्जिडसन मूर्ख नाही. तो आपल्या खात्यावर प्रेम करणारा, माणसांना उत्तम तयार केलेला अधिकारी आहे. काम चोख झालंय, हीच आपत्ती आहे.

दुसरा प्रसंग त्याहून बारीक. विमान परत बोलावण्याचा कोड ग्रुप कॅप्टन मँड्रेक या हवाई दलाच्या अधिकाऱ्याला सापडतो. आता फक्त राष्ट्राध्यक्षांना फोन करायचा. बाकीच्या लाइनी बंद, उरला सार्वजनिक फोन, आणि त्याच्याकडे सुटे पैसे पुरत नाहीत. शेजारी कोका-कोलाचं मशीन आहे. सोबतच्या कर्नलला तो सांगतो, गोळी घालून ते फोड, आत चिल्लर आहे. कर्नल बिचकतो. ती खासगी मालमत्ता आहे. शेवटी तो गोळी घालतो, पण बजावून, की नंतर कंपनीला जाब तुला द्यावा लागेल. जग वाचवण्यात आणि चिल्लरीत एक कर्नल उभा आहे आणि तो नियमाने वागतोय. आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी कचेरीत एक दिवस बसा, हा कर्नल तुम्हाला भेटेल, आणि चहाही पाजेल.

आता जपानकडे. ‘शिन गॉडझिला’ (2016) हा राक्षसपट म्हणून लोक बघायला जातात आणि पहिला पाऊण तास मीटिंगा बघतात. 2011 चा भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमाची अणुदुर्घटना यांनंतरचा जपान त्यात आहे. टोकियोच्या खाडीत काहीतरी वळवळतंय आणि मंत्रिमंडळ एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातंय, कारण या विषयाची बैठक त्या नावाने, त्या खोलीतच भरली पाहिजे. प्रत्येक माणसाच्या खाली त्याचं पूर्ण पदनाम येतं, एवढं लांब की वाचून होण्याआधी सीन संपतो. पंतप्रधान पत्रकार परिषदेत सांगतात की हा प्राणी जमिनीवर येण्याची शक्यता नाही. बोलणं चालू असतानाच निरोप येतो, आलाय. पुढे लष्करी हेलिकॉप्टरं निशाणा धरून उभी असतात आणि तेवढ्यात दिसतं की रुळांवरून कोणीतरी म्हाताऱ्या माणसाला पाठीवर घेऊन चाललंय. पंतप्रधान हल्ला थांबवतात. सांगा, चुकले का? आपल्या नागरिकांवर गोळी चालवायची नाही हा निर्णय तुम्हीही घेतला असता. आणि त्या निर्णयाने शहराचं जे व्हायचं ते होतं.

त्याच सिनेमात पुढे एक हंगामी पंतप्रधान येतात. सगळे वरचे गेल्यामुळे खुर्चीत बसवलेले, गबाळे गृहस्थ. देशावर संकट आणि यांची तक्रार काय, तर कामाच्या नादात नूडल्स गिचगोळा झाल्या. थिएटरमध्ये हशा. शेवटाकडे कळतं की याच गृहस्थांनी फ्रान्सच्या राजदूतापुढे कमरेत वाकून, शांतपणे, देशासाठी वेळ मागून घेतलाय. ज्याला आपण हसलो तो कामाचा निघाला, आणि आपलं हसणं थोडं आपल्याच अंगावर आलं. तुमच्या पटकथेत असा एक माणूस पाहिजे. माझं मत विचाराल तर तो सरपंच असावा.

आता तुमच्या गावात येऊ. तुमचा सरपंच दुरुस्तीच्या कामात पैसे खातो आणि म्हणून गळतीवर पांघरूण घालतो. हे घडतं, नाही असं नाही. पण नाट्य म्हणून ते पहिल्या वाक्यात संपतं. त्याऐवजी हे बघा. मातीच्या धरणाची अशी दुरुस्ती करायची तर जलाशयाची पातळी खाली आणावी लागते, म्हणजे पाणी सोडून द्यायचं. पावसाळा संपत आलाय, धरण बऱ्याच वर्षांनी काठोकाठ भरलंय. गेले दोन उन्हाळे गावाने टँकरवर काढलेत. आणि हा पंचविशीतला पोरगा येऊन सांगतो की पाणी सोडा. रब्बीचं आवर्तन गेलं, हरभरा गेला, उसाला पाणी नाही, पुन्हा टँकर. याला विरोध कोण करेल? भ्रष्ट सरपंच नाही करणार, धरणाच्या खाली राहणारा शेतकरी करेल, ज्याचं घर सगळ्यात आधी जाणार आहे. तो कुऱ्हाड घेऊन गेटच्या चावीपाशी बसेल, आणि बरोबरच करेल. सरपंच या शेतकऱ्यांच्या बाजूने उभा राहील, प्रामाणिकपणे. बघा, खलनायक गेला आणि कोंडी वाढली.

दुसरी एक गोष्ट तुम्ही वापरलेलीच नाही, आणि ती हाताशी आहे. मातीच्या धरणातून थोडा पाझर असतोच, तो चिंतेचा नसतो. पाणी निवळशंख येतंय तोवर ठीक. पाणी गढूळ यायला लागलं की समजावं, भरावातली माती आतून वाहून निघाली आहे. म्हणजे तुमच्या सगळ्या सिनेमाचा वाद एका प्रश्नावर आणता येतो: हे पाणी गढूळ आहे का? केवढा सोपा प्रश्न, आणि बघा त्याचं उत्तर द्यायला किती माणसं किती तऱ्हांनी टाळतील.

अभियंता पायथ्याजवळचं पाणी एका रिकाम्या मिनरल वॉटरच्या बाटलीत भरून तालुक्याच्या बैठकीला येतो. टेबलावर प्रत्येकापुढे तशाच बाटल्या मांडलेल्या. तो आपली बाटली मध्ये ठेवतो आणि बोलायला उभा राहतो. तहसीलदार म्हणतात, आधी विषयपत्रिकेवरचं घेऊ. पहिला विषय यात्रेतलं पार्किंग, दुसरा स्वच्छता अभियानाचा फलक. बोलता बोलता शिपाई उघडलेल्या बाटल्या आवरतो. पाहुणे आले आहेत, टेबल नीट दिसलं पाहिजे. अभियंत्याचं लक्ष बाटलीवर. तो बोट करतो, सगळे बघतात. ‘हे गढूळ आहे,’ तो म्हणतो. उपअभियंता बाटली उजेडाकडे धरतात. ‘थोडं आहे,’ ते म्हणतात. ‘म्हणजे किती?’ तहसीलदार विचारतात. ‘तपासून घेऊ.’ बाटली प्रयोगशाळेत पाठवायचं ठरतं, त्यासाठी पत्र लागतं, पत्राला जावक क्रमांक लागतो. हे सगळं होईपर्यंत बाटली कपाटावर. दोन दिवसांनी माती तळाला बसते आणि वरचं पाणी स्वच्छ दिसतं. पुढच्या बैठकीत ती बाटली पुन्हा टेबलावर येते, निवळलेली. कोणीही खोटं बोललेलं नाही. कोणीही पैसे खाल्लेले नाहीत. अभियंत्याने बाटली हलवली तर तो पुरावा बनवतोय असं दिसेल, नाही हलवली तर धरण सुरक्षित आहे. हा क्षण भाषणाशिवाय बोलतो. त्याला नुसतं तसंच उभं राहू द्या.

हे लिहून काढताना माझ्या कामाची एक सवय सांगते, उपयोग होईल. पात्रांच्या यादीपुढे मी ‘धोक्याबद्दल याला काय वाटतं’ असं लिहित नाही. ‘याला आज संध्याकाळपर्यंत काय उरकायचंय’ एवढंच लिहिते. तहसीलदाराला मुलीच्या ॲडमिशनसाठी पुण्याला निघायचंय. उपअभियंत्याची आठ महिन्यांनी निवृत्ती आहे, पेन्शनची फाइल अडकू नये एवढंच त्याचं मागणं. बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांना यात्रा व्हायला हवी, कारण वर्षाचा धंदा तेवढ्या तीन दिवसांत होतो. चॅनेलच्या मुलीला रात्री आठच्या बुलेटिनला दीड मिनिटाची स्टोरी द्यायची आहे आणि गळती दीड मिनिटात दिसत नाही. दुरुस्तीचं अंदाजपत्रक कुठे आहे? प्रशासकीय मान्यता झाली, तांत्रिक मान्यतेला गेलंय, तोवर आचारसंहिता लागली. आपत्कालीन कामं आचारसंहितेत अडून पडत नाहीत, हे खोलीतल्या निम्म्या लोकांना माहीत आहे. पण आचारसंहिता हा शब्द उच्चारला की सगळ्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरतं, आणि ते उतरताना दाखवता येतं. खुर्च्या किंचित मागे सरकतात.

अशा याद्या करून बघा. आपत्ती कोणाच्याच यादीत नसते. ती कोणाच्याच हातातल्या कामाची नसते, इथेच तुमचा विनोद आहे.

‘डोन्ट लुक अप’चं म्हणाल, तर त्या तुलनेला घाबरू नका, पण तो नीट बघा. ॲडम मॅकेचा हा सिनेमा 2021 च्या शेवटी आला. लिहिला गेला करोनाच्या आधी, शूट झाला करोनाच्या ऐन काळात. धूमकेतू म्हणजे हवामानबदल, हे त्यात लपवलेलं नाही. समीक्षकांत दोन तट पडले, हवामानावर काम करणाऱ्या बऱ्याच शास्त्रज्ञांना तो आपलाच वाटला. माझ्या मते त्यात दोन वेगवेगळे सिनेमे आहेत. एकात मेरिल स्ट्रीपची राष्ट्राध्यक्ष आणि तिचा चिरंजीव आहे. ते पहिल्या मिनिटाला कळतात आणि शेवटच्या मिनिटाला तसेच असतात. तुमच्या सरपंचासारखे. दुसऱ्यात छोट्या गोष्टी आहेत आणि त्या टिकतात. व्हाइट हाउसमध्ये ताटकळत बसलेल्या शास्त्रज्ञांना एक जनरल खाऊ-पाणी आणून देतो आणि पैसे घेतो. नंतर त्यांच्यातल्या केट या तरुण शास्त्रज्ञाला कळतं की तिथे हे फुकट असतं. धूमकेतू पृथ्वीवर येतोय आणि ही बाई संपूर्ण सिनेमाभर मधूनच विचारते, एवढा मोठा जनरल, त्याने आमच्याकडून खाऊचे पैसे का घेतले असतील? माझ्या दृष्टीने सिनेमातला हा सगळ्यात चांगला विनोद, कारण यात जिला सत्य कळलंय तीच एका क्षुल्लक गोष्टीत अडकली आहे. आणि तिचे आईवडील तिला दारातच अडवून सांगतात की धूमकेतूमुळे रोजगार येणार आहेत आणि आम्ही त्या बाजूचे आहोत. त्या दोघांच्या चेहऱ्यावर दुष्टपणा नाही. तुमच्या हरभऱ्यावाल्या शेतकऱ्याचे ते चुलतभाऊ लागतात.

यावरून तुमच्या अभियंत्याबद्दल. तो फार स्वच्छ आहे. ज्याला धोका दिसतो त्याच्यातच काहीतरी असं ठेवा की लोकांनी त्याचं न ऐकणं समजण्यासारखं व्हावं. इब्सेनने 1882 साली ‘एनिमी ऑफ द पीपल’ लिहिलं. गावाच्या औषधी स्नानगृहांचं पाणी दूषित आहे हे सांगणारा डॉक्टर त्यात आहे. या नाटकाला विनोदी म्हणावं की गंभीर, हे खुद्द इब्सेनचंही ठरत नव्हतं. डॉक्टर बरोबर आहे, पण सभेत उभा राहिला की त्याला स्वतःच्या बरोबर असण्याची धुंदी चढते आणि तो सगळ्या गावालाच शहाणपण शिकवायला लागतो. प्रेक्षक मनात म्हणतो, अरे बाबा, आता गप्प बस, जिंकत आला होतास. सत्यजित रायांनी हेच नाटक ‘गणशत्रू’मध्ये बंगालच्या एका देवस्थानाच्या गावात नेलं, तेव्हा दूषित पाणी मंदिराचं चरणामृत झालं. त्यात तुळस असते, मग ते अशुद्ध कसं असेल? हे कारण तिथल्या माणसासाठी खरं आहे, आणि नुसत्या लॅब रिपोर्टने त्याच्याशी भांडता येत नाही.

तुमच्या अभियंत्याची खोड काय असावी हे तुम्ही ठरवा. मला सुचतं ते असं की तो आकडे सांगताना समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाही, आणि कोणी ‘हो’ म्हटलं की तिथून पुढे पाच मिनिटं बोलत राहतो, एवढा की ‘हो’ म्हणणारा कंटाळून ‘नाही’वर येतो. किंवा मागे एकदा दुसऱ्या गावात त्याने असाच धोक्याचा इशारा दिला होता, पाणी सोडलं गेलं, आणि धरण मजेत उभं राहिलं. तिथले शेतकरी अजून त्याच्या नावाने बोटं मोडतात. आता त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हा प्रश्न प्रेक्षकाचाही झाला. तुमची शेवटची पंचवीस पानं भाषणाची झालीत, कारण तिथे अभियंत्याला विरोध करणारं कोणी खरं उरलंच नाही.

अभिनयाबद्दल एकच. नटांना ‘विनोदी करा’ म्हणू नका. ‘स्ट्रेंजलव्ह’मध्ये बाँबवर स्वार होऊन खाली जाणारा मेजर काँग स्लिम पिकन्सने केला. ती भूमिकाही, सिनेमातल्या इतर काही भूमिका करणारा पीटर सेलर्सच करणार होता, पण त्याला दुखापत झाली. पिकन्सला हा विनोदी सिनेमा आहे याची कल्पनाच दिली नव्हती म्हणतात. तो आपला युद्धपट करत राहिला. तहसीलदाराच्या भूमिकेसाठी मिमिक्रीवाला घ्यायचा मोह होईल, तो आवरा.

आता अवघड भाग. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. गळतीबद्दल गावकऱ्यांनी आधी तक्रारी केल्या होत्या. खालच्या वाडीतली माणसं रात्री घरांसकट वाहून गेली. आणि त्यानंतर राज्याच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचं सांगितलं. मग विरोधकांनी पोलीस ठाण्यात खेकडे नेऊन त्यांना अटक करा म्हणून मागणी केली. तुम्ही कितीही प्रतिभावान असलात तरी हे टेबलावर बसून सुचलं नसतं.

म्हणूनच ते वापरू नका असं मी सुचवेन. तुमच्या ड्राफ्टमध्ये उंदरांनी भराव पोखरल्याचा सीन आहे, तो खेकड्यांवरूनच आलाय हे कोणालाही कळेल. वर्तमानपत्राने ज्याच्यावर आधीच हसून घेतलंय ते पडद्यावर पुन्हा आणलं की शिळं होतं, हे एक. दुसरं म्हणजे त्या विनोदाच्या पलीकडच्या टोकाला खऱ्या घरांतली माणसं आहेत. कोकणात शूट करणार असाल, किंवा जिथे असं काही झालंय अशा कुठल्याही भागात, तर समोर बसणाऱ्यांत असे लोक असतील. त्यांच्यासमोर मंत्र्याला हसता येतं, पुराला हसता येत नाही. माझी रेषा साधारण अशी: पाणी येण्याआधीच्या माणसांवर हवं तेवढं हसा, पाणी आल्यावर कॅमेरा हसू नये. ‘पीपली लाइव्ह’ (2010) या बाबतीत बघण्यासारखा आहे. शेतकरी आत्महत्या करणार म्हणून अख्खी माध्यमं नत्थाच्या दारात. सरकार त्याला योजनेतून हातपंप देतं, तो बसवून मात्र देत नाही, पंप अंगणात पडून. त्यावर मनसोक्त हसतो आपण. त्याच गावात होरी महतो नावाचा एक माणूस विटभट्टीसाठी माती खणत असतो, रोज, गप्प, आणि एक दिवस आपण खणलेल्या खड्ड्यातच मेलेला सापडतो. कॅमेरे तिकडे फिरकत नाहीत. सिनेमा त्या खड्ड्याचा विनोद करत नाही, तो फक्त नत्थाच्या दारातली गर्दी चालू ठेवतो.

शेवटाबद्दल विचारलंत. धरण फोडायचं की नाही हे मला तुमच्याऐवजी ठरवता येणार नाही, पण फोडलंत तर ते दाखवायला लागेलच असं नाही. पाण्याचा लोंढा व्हीएफएक्समध्ये करायला बराच खर्च येतो, आणि कमी पैशांत केला तर सगळा सिनेमा नकली दिसतो. ‘स्ट्रेंजलव्ह’चा शेवट अणुचाचण्यांच्या जुन्या फिल्मा जोडून केलेला आहे, वर एक गोड जुनं गाणं. गंमत म्हणजे त्याआधी वॉर रूममध्ये सगळ्यांनी एकमेकांना क्रीमचे ‘पाय’ (केकसारखा गोड पदार्थ) फेकून मारण्याचा मोठा सीन शूट झाला होता. कुब्रिकने तो काढून टाकला, आणि माझ्या मते त्यामुळे सिनेमा वाचला. धुडगूस घातला असता तर आधीचे दीड तास फक्त पोरखेळ ठरले असते. ‘जाने भी दो यारो’ (1983) वेगळ्या वाटेने जातो. पूल पडतो, बिल्डर आणि अधिकारी आपापसांत मिटवून घेतात, आणि ज्यांनी फोटो काढले होते ते दोघे कैद्याच्या कपड्यांत रस्त्याने चालत येतात. महाभारताच्या सीनला पोट धरून हसलेला प्रेक्षक तिथे गप्प होतो.

‘डोन्ट लुक अप’चा शेवट मला मान्य आहे. सगळं करून थकलेली माणसं मिंडी या शास्त्रज्ञाच्या घरी जेवायला बसतात आणि कॉफीबद्दल वगैरे बोलतात. आणि एक जुना ब्रिटिश ॲनिमेशनपट सुचवते, ‘व्हेन द विंड ब्लोज’ (1986). म्हातारं जोडपं अणुहल्ल्याबद्दलच्या सरकारी पत्रकात सांगितल्याप्रमाणे घराची दारं काढून भिंतीला टेकवतं आणि त्याखाली आसरा करतं. अशी पत्रकं ब्रिटनमध्ये खरोखर निघाली होती. रेडिओवर घोषणा होते की तीन मिनिटांत क्षेपणास्त्रं येताहेत, आणि म्हातारीची काळजी ही की केक करपेल. ती वेडी नाही. तिच्या हातात त्या क्षणी केकच आहे.

तुमच्या गावाकडे असा केक कोणता? माझ्या डोक्यात गेटच्या चावीपाशी बसलेला तो शेतकरी आहे. मध्यरात्री अभियंता धावत येतो, आता खरंच वेळ नाही. शेतकरी मान्य करतो, त्याला पाण्याचा आवाज कळतो, आयुष्य धरणाखाली गेलंय. तो चावी देतो. पण चावी घेतली म्हणून पोच लिहून दे म्हणतो, कारण मागच्या वेळी चावी हरवली तेव्हा पाटकऱ्याच्या, म्हणजे पाटाचं पाणी सोडणाऱ्या कामगाराच्या, पगारातून पैसे कापले होते. अभियंता कागद शोधतो. इथे कट करायचा की नाही ते एडिटवर बघा. मी कट करेन आणि पुढे पाणी दाखवणार नाही.

मग पुढच्या ड्राफ्टसाठी एवढं करा: सरपंचाला पैशांऐवजी शेतकऱ्यांचं कारण द्या, अभियंत्याला एक खोड द्या, उंदरांचा सीन काढा, शेवटची पंचवीस पानं नऊ-दहावर आणा. आणि पुढच्या वाचनाला मित्रमंडळी नकोत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला एखादा माणूस शोधा, चहा-भजी सांगा, आणि तो कुठल्या पानावर ‘असं नसतं हो’ म्हणतो ते पेन्सिलने टिपून ठेवा. जिथे तो हसेल ती पानं मात्र हलवू नका. त्याचं वाचन झालं की बाटलीचा सीन लिहून इथेच टाका, मी बघेन.